पाटकऱ्याचा पांढरा लाईट

या मंडळी, या! पुढं सरका. खांबाला टेकलेली मंडळी जरा सावरून बसा — टेकलं की झोप लागते, आणि झोप लागली की मग घरी गेल्यावर म्हणता, बुवांचं कीर्तन गोड झालं!

आज एकच प्रश्न विचारतो. सोपा आहे. उत्तर लगेच देऊ नका.

डोळ्यापुढचा उजेड वाढला, म्हणजे समोरचा माणूस जास्त दिसायला लागतो का?

माना हलल्या! पुरुषांच्या सगळ्या माना 'हो' म्हणाल्या. बायकांची बाजू मात्र गप्प. बायका हुशार! बुवाच्या प्रश्नात काहीतरी गोम असते, हे त्यांना ठाऊक!

आता बघा, मी तुमच्या गावाला येत होतो. फाट्यापासून देवळापर्यंतचा रस्ता. समोरून एक गडी आला मोटारसायकलवर — आणि लाईट! अहो, लाईट म्हणजे काय! मला वाटलं, देवच प्रसन्न झाला, आता 'वर माग' म्हणतोय! मी गाडी बाजूला घेतली, डोळ्यावर हात धरला. तो गेला भुर्रकन. कोण होता? मला दिसलं नाही. मी कोण होतो? त्यालाही दिसलं नसणार. तो इथंच बसलाय कुठंतरी मंडपात — जोरात टाळी वाजवतोय बघा!

त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच्यामुळं मला आज सुखदेव आठवला. म्हणून पुराणातली कथा बाजूला ठेवतो आणि सुखदेवाची सांगतो. ऐका!

सुखदेव वाघचौरे. कालव्यावरचा पाटकरी. पाटकरी म्हणजे कोण, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको, पण नव्या सुना आहेत, त्यांच्यासाठी सांगतो — कालव्याचं पाणी कोणत्या चारीला सोडायचं, दरवाजा किती उचलायचा, किती पाडायचा, भराव कुठं झिरपतोय का, हे बघणारा सरकारी माणूस. गावापासून लांब, कालव्याच्या काठावर चौकी. दोन खोल्या, एक लिंबाचं झाड, पुढं पाणी, मागं ऊस. तिथं सुखदेव — आधी आई होती संगतीला, मग एकटा. किती वर्षं? एकवीस वर्षं!

लग्न? राहून गेलं. आई अंथरुणाला खिळलेली. थोरला भाऊ वेगळा निघालेला. आईचं करता करता सुखदेवाचे केस पांढरे झाले. आई गेली, तेव्हा मामा म्हणाला, "आता बघू का तुझ्यासाठी एखादी?" सुखदेव म्हणाला, "आता काय बघता, मामा!" झालं. विषय संपला.

चौकीवर माणसं येत नव्हती असं नाही. यायची की! कशाला? भांडायला! "पाटकरी, आमच्या चारीला पाणी का नाही?" "पाटकरी, त्याला दोन तास जास्त कसं दिलं?" आणि पाणी मिळालं की? मग कोण येतंय! खरं सांगा — पाणी मिळाल्यावर 'चला, चहा घ्यायला घरी या' असं पाटकऱ्याला कोणी म्हटलंय का तुमच्यातलं? … बघा. मृदंगसुद्धा गप्प झाला!

त्याच्याकडं एक रेडिओ होता. सकाळी बातम्या देणारी बाई म्हणायची, "नमस्कार." आणि सुखदेव चहा ढवळता ढवळता मोठ्यानं म्हणायचा — "नमस्कार, बाई!"

हसलात? हसा. पण त्याच्या तोंडून दिवसात निघालेला तो पहिला शब्द असायचा. आणि मंडळी, कधी कधी शेवटचाही तोच.

आता ऐका. रोज संध्याकाळी सुखदेवाची एक फेरी असायची. मोटारसायकल काढायची, कालव्याच्या भरावावरून खालच्या दरवाजापर्यंत जायचं, पाण्याची पातळी बघायची आणि दिवेलागणीला परत यायचं. गाडी जुनी. लाईट कसला — गाडी पळाली की पेटायचा, हळू झाली की मिणमिणायचा. काच पिवळी पडलेली. पुढचं दहा-पंधरा पावलांचं दिसायचं, त्यापुढं सगळा अंदाज!

परत येताना वाटेत एक मोरी लागायची, म्हणजे कठड्याचा छोटा पूल. मोरीच्या अलीकडं-पलीकडं समोरून रोज एक मोटारसायकल यायची. तिचाही लाईट असाच पिवळा, मिणमिणता. एके दिवशी काय झालं — समोरच्यानं लाईट खाली केला. डिप्पर मारला हो, डिप्पर! म्हणजे काय? 'तुमच्या डोळ्याला त्रास नको, या सावकाश.' सुखदेवानंही आपला लाईट खाली केला. दोघं एकमेकांच्या बाजूनं गेले. बस्स.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मंडळी, सहा वर्षं! सहा वर्षं रोज संध्याकाळी एकाचा लाईट खाली, दुसऱ्याचा लाईट खाली. उन्हाळ्यात तर सात वाजले तरी लख्ख दिसायचं, लाईटची गरजच नव्हती. तरी सुखदेव मोरी जवळ आली की लाईट लावायचा! कशाला? डिप्पर मारता यावा म्हणून! आणि समोरचा? तोही लावून यायचा!

दिवाळीच्या पाडव्याला एकदा समोरच्यानं दोनदा डिप्पर मारला. सुखदेव घरी आला, गाडी लावली आणि लिंबाखाली किती तरी वेळ एकटाच हसत बसला.

तुम्ही म्हणाल, बुवा, सहा वर्षांत एकदा थांबला का नाही? नाव विचारलं का नाही? — अहो, तेच तर! थांबावं असं त्याला रोज वाटायचं. पण थांबून बोलायचं काय? एकवीस वर्षं ज्याच्याशी फक्त भांडायलाच माणसं आली, त्याला साधं बोलणं सुरू कसं करायचं, हेच आठवेना. 'उद्या थांबू' म्हणायचा. आणि उद्या परत डिप्पर मारून पुढं जायचा.

एका संध्याकाळी काय झालं — खालच्या दरवाजावरून निघाला, आणि फट्! बल्ब उडाला. समोर काळंकुट्ट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल उतार. सुखदेवानं बॅटरी दातात धरली आणि पायानं जमीन चाचपत, रखडत रखडत चौकी गाठली. मोरीवर पोचायला उशीर झाला होता. समोरचा निघून गेलेला. त्या संध्याकाळी डिप्पर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याला मिस्त्रीकडं. मिस्त्रीचं नाव अरविंद. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. त्यानं पुढचा डूम उघडला — डूम म्हणजे ज्यात बल्ब बसतो ती वाटी — आणि कपाळावर हात मारला.

"पाटकरीमामा, हे काय? होल्डर जळालंय. आतला आरसा काळा पडलाय. यात नवा बल्ब घालणं म्हणजे आंधळ्याला चष्मा! हे सगळं काढून टाका. पांढरा एलईडी बसवून देतो. वायरिंग बॅटरीवर घेतो. गाडी हळू असो, जोरात असो, उजेड एकसारखा. अर्धा मैल दिसेल, अर्धा मैल!"

"अर्धा मैल?" सुखदेव म्हणाला.

"पाण्यातला मासा दिसेल!"

आता सुखदेवाला कोणी इतकं हौसेनं काही सांगत नव्हतं. तो म्हणाला, "बसव." मिस्त्रीनं बसवला. पण त्या जुन्या डूममध्ये तो नवा बल्ब काही नीट बसेना. थोडा वाकडा, थोडा वर. बटण दाबलं तरी उजेड खाली जाईना, नुसता लुकलुकल्यासारखा करी.

सुखदेवानं विचारलं, "डिप्पर लागत नाही का रे?"

मिस्त्री हसला. "मामा, कालव्यावर डिप्पर कशाला पाहिजे? रानडुकराला मारताय काय?"

दुकानातली दोन-चार माणसं हसली.

आणि मंडळी, इथं सुखदेव चुकला. इथं! त्यानं म्हणायला पाहिजे होतं, 'बाबा, समोरून एक माणूस येतो. रोज येतो. त्याच्यासाठी पाहिजे.' ओठापर्यंत आलं होतं. पण लाज वाटली. 'कोण माणूस?' असं विचारलं तर काय सांगायचं? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. माणसं आणखी हसतील. तो म्हणाला, "राहू दे. चालतंय."

आपण किती ठिकाणी 'चालतंय' म्हणतो हो! चालत नसतं ते!

पण त्या संध्याकाळी — काय सांगू! बटण दाबलं आणि भराव दुधासारखा पांढरा झाला! दगड न् दगड दिसतोय. बाभळीच्या फांदीला लोंबणारी सुगरणीची घरटी मोजावीत. लांबवर ससा उभा, डोळे चमकतायत. एकवीस वर्षं ज्या वाटेवर चाचपत गेला, ती वाट समोर उघडी पडली! सुखदेव लहान पोरासारखा खूश. म्हणाला, आज मोरीवरच्या माणसाला आपला लाईट दाखवू!

समोरून पिवळा ठिपका आला. सुखदेवानं सवयीनं बटण दाबलं. उजेड हलला नुसता. समोरच्यानं डिप्पर मारला — एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. सुखदेवाला वाटलं, वा! तीन तीनदा! लाईट आवडला वाटतं! आणि ह्यानं आनंदानं हॉर्न वाजवला — पीं पीं पीं!

कळलं का मंडळी? तो हात जोडून सांगत होता, 'खाली करा, दिसत नाही मला.' आणि ह्याला वाटलं, कौतुक करतोय!

दुसऱ्या दिवशी समोरच्यानं लांबूनच डिप्पर मारला आणि गाडी आधीच कडेला थांबली. माणसानं डोळ्यापुढं हात धरला होता. सुखदेवाला दिसला तो हात. मनात काहीतरी टोचलं. पण गाडी पुढं गेली होती. 'उद्या बघू.'

तिसऱ्या दिवशी लांबून पिवळा ठिपका दिसला. थोडा आला. थांबला. आणि विझला. सुखदेव मोरीवर पोचला, तर रस्ता मोकळा! समोर अर्धा मैल सगळं लख्ख — माणूस नाही, गाडी नाही. त्याला वाटलं, मधल्या एखाद्या वस्तीकडं वळला असेल. तरी सवयीनं त्यानं हॉर्न वाजवला, आणि घरी आला.

चौथ्या दिवशी समोरून कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी नाही. आठ दिवस गेले. पंधरा गेले.

सुखदेव आता मोरीवर गाडी थांबवायला लागला. लाईट बंद करायचा. कठड्यावर बसायचा. खालून पाणी वाहतंय, उसात कोल्हे ओरडतायत. कान रस्त्याकडं. लांब कुठं इंजिनाचा आवाज आला की उठून उभा राहायचा. आवाज डांबरी रस्त्यावरनं निघून जायचा. मग परत खाली बसायचा. 'बदली झाली असेल,' म्हणायचा. 'मुलानं शहरात नेलं असेल. आजारी असेल.' विचारायचं कुणाला? आणि काय म्हणून?

एक दिवस कचेरीतून फोन आला. साहेबांनी विचारलं, "पातळी किती आहे?" सुखदेवानं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना! घोगरा, तुटका. साहेब म्हणाले, "घसा बसलाय का?" घसा नव्हता बसला, मंडळी. दोन दिवस तो कोणाशी एक शब्द बोलला नव्हता. रेडिओतल्या बाईलासुद्धा उत्तर द्यायचं त्यानं सोडलं होतं.

विठ्ठल, विठ्ठल! म्हणा हो सगळे — तोंडातून आवाज निघतोय तोवर म्हणा. विठ्ठल, विठ्ठल!

महिना झाला असेल. भर दुपारी सुखदेव भराव तपासत पायी निघाला. मोरीच्या थोडं पुढं आला. उताराच्या कडेला काहीतरी चमकलं. वाकला. काचेचे तुकडे. पिवळट, जाड, आतल्या बाजूनं रेघा असलेले. हेडलाईटची काच! तो उतार उतरला. घाणेरीची झुडपं दबलेली, मोडलेली. त्यात दुधाच्या किटलीचं झाकण. मातीवर दूध सुकून पांढरा डाग पडलेला होता, त्याला मुंग्या लागून लागून नुसती कड उरलेली.

सुखदेव तिथंच बसला. ऊन डोक्यावर. त्या झाकणाकडं बघत राहिला. ठिपका थांबला होता… विझला होता… आणि आपण त्याच जागेवरनं हॉर्न वाजवत गेलो होतो.

त्याच संध्याकाळी तो झाकण घेऊन दूध संकलन केंद्रावर गेला. तिथला कारकून कामात. सुखदेव म्हणाला, "एक दूधवाला आहे. कालव्यानं यायचा. आता येत नाही."

"नाव काय?"

"माहीत नाही."

"गाव?"

"माहीत नाही."

"दिसायला कसा आहे?"

सुखदेवानं झाकण हातात फिरवलं. मग म्हणाला, "माहीत नाही."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही ओळखता कसे त्याला?"

सुखदेव म्हणाला, "डिप्परवरून."

मंडळी, कारकून हसला नाही. त्यानं सुखदेवाच्या हातातलं झाकण बघितलं आणि हळूच म्हणाला, "लहानू सदाफळ असतील. खालच्या वस्तीवरचे. पडले ते. पाय मोडला. एक तास गाडीखाली पडून होते. म्हैस शोधायला आलेल्या एका माणसाला सापडले. जाऊन या. घरीच आहेत."

सुखदेव रात्रभर तळमळला. सकाळी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि वस्तीवर गेला. कौलारू घर, पुढं गोठा, दारात बाज. बाजेवर साठी ओलांडलेला माणूस, एक पाय प्लास्टरमध्ये. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. हे लहानूभाऊ. सहा वर्षांचा दोस्त, आणि तोंड आज पहिल्यांदा बघितलं!

"कोण?" लहानूभाऊ म्हणाले.

"मी… कालव्यावरून आलो. हे झाकण सापडलं."

"अगं सोना, झाकण आलं बघ! बसा, बसा दादा. चहा टाक गं."

सोनाबाई — त्यांच्या घरधनीण — चहा घेऊन आल्या. लहानूभाऊ बोलायला लागले. आजारी माणसाकडं कोणी आलं की तो बोलतोच हो! म्हणाले, "दादा, काय सांगू. त्या वाटेवर एक माणूस होता. पाटकरी असावा बहुतेक. कधी बोललो नाही आम्ही. पण सहा वर्षं — एक दिवस चुकला नाही गडी! मला बघितलं की लाईट खाली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी गेलो, तर बिचाऱ्यानं चार-पाचदा डिप्पर मारला! इतका सज्जन माणूस. त्याची बदली झाली. आणि त्याच्या जागी कोण डुक्कर आला काय माहीत! असला पांढरा लाईट! दोन दिवस हातापाया पडल्यासारखा डिप्पर मारला मी. ऐकेना. वर हॉर्न वाजवतो! तिसऱ्या दिवशी म्हटलं, अजून कडेला थांबू, जाऊ दे त्याला. डोळ्यापुढं सगळं पांढरं. पाय टेकवायला गेलो, खाली जमीनच नाही…"

सुखदेवाच्या हातात बशी होती.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? चहा पिऊन उठला असता, 'काळजी घ्या' म्हणून निघून आला असता, तर कोणाला कळलं असतं? कोणाला नाही! उलट त्या घरात तो जन्मभर सज्जनच राहिला असता. बदली झालेला सज्जन!

सुखदेवानं बशी खाली ठेवली. म्हणाला, "लहानूभाऊ, माझी बदली झाली नाही."

लहानूभाऊंना कळेना.

"तो पाटकरी मीच. आणि तो डुक्करही मीच. लाईट नवीन बसवला होता."

सोनाबाई दारातच थांबल्या. लहानूभाऊ कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले — आधी एका डोळ्यानं, मग मान वळवून दुसऱ्या.

"दोन्ही तुम्हीच?"

"होय."

"मी खाली पडलो होतो. तुमची गाडी वरनं गेली. मी हाका मारल्या."

"इंजिनाच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"आणि दिसलोही नाही?"

"नाही."

लहानूभाऊ म्हणाले, "एवढा उजेड होता — तरी नाही दिसलो?"

मंडळी, हा प्रश्न नीट ऐका! उजेड होता हो, पण सगळा समोर! तो जितका झगझगीत, तितका त्याच्या कडेचा अंधार जास्त दाट. जुन्या लाईटात सुखदेव चाचपत जायचा, डावी-उजवी बघत जायचा. नव्या लाईटात त्याला बघायची गरजच उरली नव्हती!

सोनाबाई पुढं आल्या. आवाज चढला नाही त्यांचा, पण एकेक शब्द कापत गेला. "दादा, माझं कपाळ पांढरं झालं असतं. तो पांढरा लाईट पहिल्यांदा दिसला, त्या रात्री हे जेवले नव्हते. 'आपला माणूस गेला त्या वाटेवरून' म्हणाले. कोण कुठला, नाव माहीत नसलेला माणूस, त्याच्यासाठी जेवले नव्हते. आणि तुम्ही तिथंच होता."

सुखदेव उठला. हात जोडले. लहानूभाऊ म्हणाले, "आता जा तुम्ही." रागानं नाही, दमल्यासारखं. तो गेला.

आता तुम्हाला वाटत असेल, बुवा आता म्हणणार — दुसऱ्या दिवशी लहानूभाऊंनी मिठी मारली! नाही मारली. माणूस गाडीखाली एक तास पडून होता, मिठी इतकी स्वस्त असते का?

सुखदेव चौकीवरही गेला नाही, तडक तालुक्याला. मिस्त्रीच्या दुकानात दहा माणसं. हा सगळ्यांसमोर म्हणाला, "अरविंद, हा लाईट काढ. नवीन डूम टाक, नवा आरसा, नवं होल्डर. बल्ब चांगला दे, पण ह्या डूममध्ये सरळ बसणारा दे. आणि डिप्पर लागला पाहिजे. समोरून माणूस येतो."

"मामा, कोण येतो हो एवढा?"

"लहानू सदाफळ," सुखदेव म्हणाला. "माझा दोस्त आहे."

आता कोणी येत नव्हतं, मंडळी! हे सुखदेवाला पक्कं माहीत होतं. पण जे महिन्यापूर्वी बोलायचं राहिलं होतं, ते बोलल्याशिवाय त्याला तिथून उठता येईना.

मिस्त्रीही काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं नवं बसवलं, भिंतीवर उजेड पाडून दाखवला, बटण दाबलं की उजेडाची रेघ खाली येते का बघितलं. म्हणाला, "उंची मात्र तुमची तुम्ही लावा. गाडीवर वजन किती, रस्ता कसा, त्यावर असतं. हा स्क्रू. इकडं फिरवला की खाली, तिकडं फिरवला की वर."

चार दिवसांनी, दिवस मावळता मावळता, सुखदेव परत वस्तीवर. सोनाबाईंनी बघितलं आणि आत निघून गेल्या. लहानूभाऊ बाजेवर. सुखदेव अंगणाच्या टोकाला गाडी घेऊन उभा. म्हणाला, "लहानूभाऊ, नवा लाईट बसवलाय. उंची लावायचीय. मला गाडीवर बसून कळत नाही, समोरच्यालाच कळतं. तुम्ही सांगाल का?"

सुखदेवानं लाईट लावला, बटण दाबलं, उजेड खाली केला आणि पान्हा-पेचकस घेऊन गाडीपुढं वाकला.

"लागतो का डोळ्याला?"

बराच वेळ काही नाही. मग बाजेवरून आवाज आला — "लागतो."

स्क्रू फिरवला. "आता?"

"लागतोच."

आणखी फिरवला. "आता?"

"थोडा… थोडा अजून खाली. हं. थांबा. डावीकडं जरा." आतून सोनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "जास्त खाली नका घेऊ हो, त्यांना खड्डा दिसायचा नाही."

सुखदेवाचा हात थांबला. त्यानं मान खाली घातली, डोळे पुसले, स्क्रू अर्धा आटा वर घेतला.

"आता, लहानूभाऊ?"

"आता नाही लागत," लहानूभाऊ म्हणाले. "आता तुम्ही दिसता."

असा लावला मंडळी त्यानं लाईट! ज्याच्या डोळ्याला लागला होता, त्यालाच विचारून लावला!

पुढं? पुढं सगळं गोड झालं असं नाही सांगत मी. लहानूभाऊंचा पाय आखूड झाला, गाडी सुटली. दूध आता टेम्पो नेतो, डांबरी रस्त्यानं. कालव्याची वाट संध्याकाळी ओस. सुखदेव खालच्या दरवाजावरून एकटा येतो, मोरी ओलांडतो, समोरून कोणी येत नाही. दर रविवारी तो वस्तीवर जातो. पहिले दोन-तीन रविवार दोघं नुसते समोरासमोर बसून राहिले! सहा वर्षांची दोस्ती, पण शब्द कुठून आणायचे? सोनाबाईच कंटाळल्या. म्हणाल्या, "अहो, बोला की कोणीतरी!" तेव्हा लहानूभाऊ खाकरले आणि म्हणाले, "पाटकरी, आमच्या चारीला पाणी कधी सोडताय?"

आणि सुखदेव हसला. पाण्याबद्दल विचारलं म्हणून हसणारा पाटकरी तुम्ही बघितला नसेल!

बरं. आता माझं आख्यान झालं. उरलं ते तुमचं.

मंडपाबाहेर बघा, मोटारसायकलींची रांग लागलीय. नवनवीन लाईट. लावा हो! अंधारात धडपडा असं कोण म्हणतंय? पण नुसत्या गाडीचं बोलत नाही मी. कोणाला शिक्षणाचा उजेड मिळाला, कोणाला पैशाचा, कोणाला पदाचा. आणि मला? मला ह्या गादीचा मिळाला — चार अक्षरं कळायला लागली, चार माणसं पाया पडायला लागली! मलाही अर्धा मैल पुढचं दिसायला लागलं. पण खाली घाणेरीत कोण पडलंय, हाका मारतंय, ते मला दिसतंय का? आपण गाणं म्हणत, हॉर्न वाजवत वरनं निघून चाललोय का?

आणि दुसरं विचारतो. तुमच्या रोजच्या वाटेवर असं एक माणूस आहे. एसटीच्या थांब्यावर असेल, दळणाच्या रांगेत असेल, बांधाच्या पलीकडं असेल. रोज दिसतं, तुम्ही मान हलवता, तेही मान हलवतं. नाव माहीत आहे का त्याचं? … बघा, आता पुरुषांच्या माना हलायच्या थांबल्या.

उद्या थांबू, म्हणू नका. उद्या उतार असतो हो कडेला!

आज घरी जाताना लाईट खाली घ्या. गाडी थांबवा. विचारा — दादा, नाव काय तुमचं? माय, कुठं राहता? एवढं केलंत, तर आजच्या कीर्तनाची बिदागी मला पोचली.

उठा आता. हात वर करा, शेजारच्याकडं बघा — हो, शेजारच्याकडंच, देव काही रागवायचा नाही — आणि म्हणा माझ्याबरोबर, पांडुरंग हरी!